अस्वलछाप पुडी

मार्गशीर्ष शु. ४
पुड्यांवर डकवायच्या छापा हैदराबादेहून आल्या. गठ्ठा सोडला आन् डोकं फिरलं. अस्वल काढ म्हणलं होतं, छापखानेवाल्यानं डुक्कर काढून ठिवलंय. नाकाड पुढं, कान उभे, डोक्यावर रुमी टोपी, हातात पुडी आन् तोंडभर हसू. हैदराबादेत बसून त्या गाढवानं जल्मात अस्वल बघितलं असंल का? खालची अक्षरं मात्र झकास, मराठीतून आन् उर्दूतून. अस्वलछाप शेव-चिवडा. पुडी घ्या, अस्वलावर बसा!
दिवसभर चिडचिड केली. सांजच्याला एका पुडीवर छाप डकवून सौ.पुढं ठिवली. तिनं बघितली आन् पदर तोंडाला लावून हसतच सुटली. भट्टीपुढं माझ्यासंगं इतकी वर्सं काढली, धंद्यातल्या गोष्टीवर ही बाई पयल्यांदा हसली. म्हणजे चालंल. हसलेलं माणूस हात पुढं करतं.

मार्ग. शु. ६
चांदभाई दरवेशी ठरला. अस्वल त्याचंच, नाव गुलाब. वासाचं काही लिहीत न्हाई. गल्लीपलीकडच्या आपल्या पडवीत दोघं राहतील, भाकरी-गूळ माझ्याकडनं. सौ. म्हणाली, "आता जनावराच्या पण भाकरी थापू का?" थापती मात्र हाय.
मागल्या साली हैदराबादेत बिस्किटाच्या डब्यावर ढोल वाजवणारं माकड बघितलं, तवापास्नं डोक्यात होतं. बिस्किट खाऊन बघितलं तर निव्वळ माती. पण पोरं त्या माकडासाठी भुईवर लोळत होती. आमची शेव त्याच्यापेक्षा कितीतरी बरी, पण शेवेला तोंड कुठं होतं? आता हाय.
शिंप्याकडनं छापेवरल्यासारखी टोपी शिवून घेतली, लाल, काळ्या गोंड्याची. गुलाबला बसती.

मार्ग. शु. ११, लिंबागणेश
बाजार. देवळाच्या अलीकडं गाडी सोडली. चां.नं डमरू वाजवला. गुलाब मागल्या पायावर उभा राहिला, सलाम केला, माझ्या हातची पुडी घेऊन पोट धरून डोलला. झालं, सगळा बाजार माझ्या गाडीपाशी. पलीकडं भज्यावाला एकटाच कढईपुढं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.
रीत अशी बसवली. पुडी घेतली की लेकराला अस्वलावर बसवायचं, गुलाबची टोपी त्याच्या डोक्यावर, चां. एक फेरी मारून आणतो. टोपी काढायची, दुसऱ्याच्या डोक्यावर. अस्वलावर बसलं की लेकराचं भ्याव जातं, दुखणं उतरतं, हे आपल्या आयाबाया आधीपास्नंच मानतात. मी फकस्त त्यात पुडी घातली.
एक म्हातारी ताइतासाठी अस्वलाचे केस मागत होती. दिले, फुकट. तिनं पुडीवरली छाप पण सोलून कनवटीला लावली. पुड्या दुपारीच संपल्या. येताना गाडीत मी गाणं म्हणत होतो, चां. सांगतो.

मार्ग. व. ५, धारूर
घाटात थंडी लई. बाजार लहान, पण अस्वल बघायला वाड्यावस्त्यांवरनं लोक आले. किल्ल्याखाली पोरांची रांग. नुसतं "अस्वल आलं" म्हणतात, शेव-चिवड्याचं नाव बी घेत न्हाईत. पुडी मागतानासुद्धा, "अस्वल द्या."
चां. कुरकुर करतो. "सेठ, लोगां बाल उपटतात. बघा, कमर नंगी झाली. गुलाब चाटत बसतोय." बघितलं. पाठीवर तळहाताएवढी जागा साफ, कातडं लाल. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण ताइताला केस न्हाई म्हणलं तर बाया तोंड फिरवतील. शिंप्याकडनं लाल बंडी शिवून घेतो, म्हणजे दिसणार न्हाई.

पौष शु. ९
संक्रांतीच्या रेवडीवर पण अस्वल लावलं. बंडी घातलेला गुलाब लईच साजरा दिसतो. सौ. त्याला "जावई" म्हणती.
मोमिनाबादेकडनं आलेला गाडीवान सांगत होता, तिकडं आई फिरतीय. देवी. सरकारी टोचणारा गावोगाव जातोय, आन् आयाबाया पोरं ज्वारीत लपवतायत. आपल्याकडं काही न्हाई. मला लहानपणीच येऊन गेल्या, तोंडावर वण हायतच.

पौष व. ९, घाटनांदूर
मोमिनाबादेच्या पलीकडचा मोठा बाजार. यमुना भेटंल म्हणून मुद्दाम आलतो. दिल्यापास्नं पोरीच्या गावी धंद्याला कधी आलो न्हवतो.
सकाळी एक बाई आली, घोंगड्यात गुंडाळलेलं लेकरू खांद्यावर. आधी पुडी घेतली. चां.नं लेकराला हात लावला आन् मागं सरला. "नक्को सेठ. अंग भट्टी हाय." मी म्हणलं, "बसव बे. दुखणं उतरावं म्हणून तर आलीय ती." बसवलं. टोपी घातली. मान टाकून बसलं होतं, रडलं बी न्हाई.
त्याच्यामागंच यमुना चिमीला घेऊन उभी. चिमी चार वर्साची झाली, पण तोंड तिच्या आजीचं. मला बघून न्हाई, गुलाबला बघून धावली. "ह्यो माझ्या आज्याचा अस्वल हाय," सगळ्या बाजाराला सांगत सुटली. टोपी डोळ्यावर आली तरी काढू देईना. तीन फेऱ्या मारल्या. नातीला पुडीची अट बिट काही न्हाई.
यमुनाचे मालक म्हणाले, न्या दोघींना बीडला, माघी पुनवेच्या जत्रंला. गाडीतच घेतल्या.

पौष व. १३, बीड
पोचलो. वाटभर चिमीचं एकच, "गुलाबला भाकर दिली का? गुलाब निजला का?" चां.च्या मांडीवर बसून तिनं डमरू फोडला. चां. हसला फकस्त. त्याची अशीच एक होती म्हणाला, आन् डमरूचं फाटकं कातडं ताणत बसला.

माघ शु. ५
खंडोबाच्या टेकडीची जत्रा पुनवेला. ह्या वर्सी माझ्या पुडीचीच वाट बघतायत लोक. भट्टी दिवसभर. हाताला फोड.
चिमीला ताप. यमुना म्हणती वाटंतलं ऊन बाधलं. थंडीत कसलं ऊन बाधतंय.

माघ शु. ८
कपाळावर पुरळ, मग गालावर, मग हातावर. सौ.नं बघितलं आन् आधी हात जोडले. मला म्हणाली, "आई आलीय घरात. कढई उतरवा."
रीत मला काय ठावकी न्हाई? आई घरात असली की तळण न्हाई, फोडणी न्हाई, तेलाचा वास न्हाई. दाराला कडुलिंबाचा डहाळा. बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा न्हाई. पण मी तळून खाणारा न्हाई, तळून जगणारा माणूस हाय. आन् डहाळा लावला की पुडीला कुत्रं बी विचारणार न्हाई.
म्हणलं, पुनव होऊ दे.
"पुनवेपतुर आई थांबती व्हय?"
तिनं डहाळा बांधला. ती आत गेल्यावर मी सोडला. तिनं बघितलं. भांडली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं.

माघ शु. ९
तोड काढली. कढई, झारा, तेल सगळं गल्लीपलीकडच्या पडवीत नेलं. घरात तळण न्हाई, दुसऱ्या छपराखाली हाय. आईचा कोप कशाला होईल? सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "आईला गल्ली वलांडता येत न्हाई, असं वाटतंय का तुमाला?"
गुलाबला कढईचा धूर सोसत न्हाई, शिंकतो. चां.ला सांगितलं, घरची भट्टी खचली. त्यानं मान हलवली.

माघ शु. १२
चिमी ओळखू येईना. तीळ ठिवायला अंगावर जागा न्हाई. पाणी गिळताना रडती. जवळ बसलो की लिंबाचा पाला आन् तो दुसरा वास. लहानपणी माझ्या अंगाला येत होता, मला अजून याद हाय. लई भ्याव वाटतंय. लिहून टाकतो, म्हणजे तोंडानं बोलावं लागणार न्हाई.
कालपास्नं एकच धोशा, टोपी द्या. गुलाबची टोपी. आणून दिली. घालून निजली. सुजल्या डोळ्यांच्या फटीतनं बघून म्हणाली, "आज्या, मी अस्वल हाय ना?" हाय म्हणलं. हसायला गेली तर ओठ फुटला.
वैद्य मागच्या दारानं येऊन गेले. अंगाचं निभावंल म्हणाले, डोळ्यांचं सांगत न्हाईत.

माघ शु. १५
आज जे झालं ते नीट लिहितो.
पहाटे निघताना टोपी आठवली. छापेवर टोपी, लोकांच्या डोळ्यापुढं टोपी, टोपीबिगर गुलाब म्हणजे नुसतं जनावर. चिमी निजली होती, टोपी डोक्यावरच. हळूच काढली. आत खपलीचं काही चिकटलं होतं ते झटकलं. मग लिंबाच्या धुरावर धरली, गोमूत्र शिंपडलं, देवापुढं ठिवून हात जोडले. आईला म्हणलं, तू हितंच ऱ्हा, टोपीत येऊ नको. मनाला पटलं. शुद्ध झाली म्हणून पटलं. देवाघरचं सगळं आपण असंच शुद्ध करत आलोत.
चां.च्या हातात दिली. त्यानं नाकाला लावली. "सेठ, निंबाचा धूर कायकू?" म्हणलं, कसर लागली होती. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा गल्लीपलीकडं माझ्या दाराकडं बघितलं.
टेकडीवर भंडारा उधळलेला, पाय ठिवायला जागा न्हाई. गुलाब नाचला. पोरांची रांग लागली. पयल्या पोराला उचलायला चां. पुढं झालाच न्हाई. मोठ्यानं ओरडला, "आज सवारी बंद! गुलाबला बरं न्हाई, चावतो!"
बाया खवळल्या. "मग पुडीवर छापलंय कशाला? पुडी घेतलीय, बसवा!" एकीनं छाप माझ्या नाकापुढं नाचवली. खरंच छापलं होतं. मीच छापून घेतलं होतं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.
चां. कानाशी आला. "माझी बेटी ह्याच बिमारीत गेली. सेठ, बोलून टाका." बोलायचं एवढंच होतं, की माझ्या घरात आई हाय. चार शब्द. पण ते तोंडातनं गेले की पुडी गेली, भट्टी गेली, चोरून तळलं म्हणून गावानं वाळीत टाकलं असतं. मी म्हणलं, "कुटं चावतंय? सरक." साखळी माझ्या हातात घेतली.
मीच बसवली. एकेक लेकरू उचलून मीच बसवलं, टोपी घालायची, काढायची, पुढच्याच्या डोक्यावर. पोरं हसत होती. कुणाच्या तरी मुलीनं मला मुका दिला. पुड्या संपल्या तरी रांग संपंना. मला टोपी फेकून द्यावी वाटत होती, खरंच वाटत होतं. पण हात थांबले न्हाईत. चां. लांब दगडावर बसून होता, एकदा बी वर बघितलं न्हाई.
घरी आलो तर चिमी टोपीसाठी रडत होती. परत दिली.

माघ व. १
पडवी मोकळी. चां. गुलाबला घेऊन गेला. लाल बंडी खुंटीला, भाकरी तशीच. कुणीकडं गेला कुणाला ठाव न्हाई.
सौ.नं पडवीतली भट्टी पाण्यानं विझवली. आता विझवून काय उपेग, असं मनात आलं, तेवढं गिळलं.

माघ व. ५
चिमीचा ताप उतरला. जीव वाचला म्हणतात वैद्य. यमुना रडली, सौ. रडली, मी देवापुढं बसलो. पण डोळे उघडले न्हाईत. पापण्या चिकटल्यात त्या दुधानं सोडवल्या, आत पांढरं. वैद्य म्हणाले, उजव्याची आपण आशा धरू नका, डाव्याचं बघू. चार वर्साच्या पोरीला हे कसं सांगायचं? ती म्हणती, "आज्या, दिवा लाव की." दिवस होता.
गुलाब कुठाय विचारती. सौ.नं सांगितलंय, पडवीत निजलाय.

माघ व. १०
पेठेत ताप. टेकडीच्या अंगाच्या घरांत पण. सौ. पाणी आणायला गेली ती कुणाकुणाची नावं ऐकून आली. मला सांगत होती, मी कान झाकले. म्हातारा माणूस कान झाकून बसलेला बघून यमुना बाहेर गेली.
हे टोपीनं झालं का? मोमिनाबादेकडनं कुणीही आणलं असंल. जत्रंत काय थोडे लोक येतात? असं मी स्वतःला दिवसभर सांगतो. पण मला त्या पोरांची डोकी याद हायत. कुणाच्या शेंडीला टोपी अडकली होती, कुणाच्या डोक्याला खोबरेल होतं.

माघ व. १२
सकाळी पेठेतनं चालत गेलतो. दारोदार लिंब. आन् लिंबाच्या शेजारी, चौकटीला खळीनं डकवलेली माझी छाप. पुडीवरनं सोलून काढलेली. डुकराच्या नाकाचं अस्वल, टोपी घातलेलं, पुडी खात हसतंय. एका बाईला विचारलं, हे कशाला? म्हणाली, "अस्वल राखण करतंय शेठ, लेकरावरनं उतरंल. शेव नगं, नुसते कागुद हायत का आणखी?" मी हाय म्हणालो का न्हाई म्हणालो, ते आता आठवत न्हाई. पळतच घरी आलो.
गठ्ठा चुलीत घालायला काढला. सौ. म्हणाली, "कागुद जाळून काय करता? माणसांस्नी सांगा. ज्या पोरांस्नी अजून आलं न्हाई, त्यांस्नी तरी ह्या घरापास्नं लांब ठिवतील." काय सांगू? सांगितलं तर यमुनाला ह्या गावात पाणी भरू देतील का? न सांगितलं तर…
हे लिहितोय तवर दारात हाक आली. परगावची बाई दिसती, आवाजात दम लागलेला. "अस्वलवाले शेठ इथंच ऱ्हातात न्हवं? लेकराला कालपास्नं ताप हाय, धाकटं बी आणलंय संगं, त्याला अजून काही न्हाई. दोघांना एक फेरी मारा. लई लांबनं आलेय. सगळ्या गल्लीत तुमच्याच दाराला लिंब न्हाई, बघून जिवात जीव आला."
मी लिहितोच हाय.
आतनं चिमी ओरडली, "हाय की अस्वल! पडवीत निजलंय! मी उठवू का?"
बाई बाहेर हसली. म्हणाली, "उठव गं माझी बाय." कडी हलवतीय.
सौ. माझ्याकडं बघतीय. उठत न्हाई. "तुमचं गिऱ्हाईक हाय," म्हणाली, "तुमीच बोला."
धाकटं पोर बाहेर दाराला थापा मारतंय.